प्रभारी हेडसरांची कोरी खुर्ची

माझ्या हातात आज वेल्डिंगचा हँडल आहे तो आमच्या हेडसरांमुळे, हे आधी सांगून टाकतो, बाकीचं मग. आणि पोट्टे, म्हणजे पोरं, मोजण्यात आमच्या हेडसरांची बरोबरी करील असा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात झाला नाही, पुढे होईल असंही मला वाटत नाही. लोक लग्नाला जेवायला जात, सर पंगतीतले पोट्टे मोजायला जात. पोहरादेवीच्या यात्रेत माणसं डोळे मिटून हात जोडतात. सर हात जोडत, पण डोळे उघडे ठेवून, आणि शेजारच्या बाईला विचारत, "बाई, हे कडेवरचं केवढं झालं? शाळेत कुठी घालनार?" एकदा गावात दोन भावांची वाटणी झाली. कोणाला कोणतं वावर आलं याची सगळ्यांना उत्सुकता. सरांना एकच घोर, "धाकटा गाव सोडून गेला तं त्याचे पोट्टे जाते ना बावा!" ते त्या धाकट्याच्या ओट्यावर चहावर चहा पीत बसले आणि तो गावातच राहायला तयार झाला तेव्हाच उठले.

या वेडाला कारण होतं. आमची शाळा रिठदच्या पलीकडे माळावर, पाचवी ते दहावी. शाळेतल्या पोरांची संख्या, म्हणजे पट, सरकारने आखलेल्या रेघेला टेकला तर शाळेला मुख्याध्यापकाचं पद मिळतं. रेघेच्या खाली राहिला तर पद नाही. मग एखाद्या मास्तरालाच 'प्रभारी' म्हणून ते काम करावं लागतं; डोक्याला ताप हेडमास्तरचा, पगार मास्तरचा. सर कितीतरी वर्षं असे प्रभारी होते. निवृत्ती जवळ आलेली. त्याआधी पद मंजूर झालं असतं तर पगार वाढला असता आणि पुढची पेन्शनही त्या वाढलेल्या पगारावर बसली असती. सरांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "नुसते मास्तरच राह्यले असते तं टायमावर जेवाले तरी आले असते!"

आधीचे मुख्याध्यापक गेले तेव्हा संस्थेने नवी फिरती खुर्ची आणली होती. सर तिच्यावर एकदाही बसले नाहीत, तिचं प्लास्टिकही कोणाला काढू दिलं नाही. स्वतः शेजारी लाकडी स्टुलावर बसून शाळा चालवत. तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं, ही आपल्यासाठीच झाकून ठेवली असेल. ते बसायला वाकले तसे सर ओरडले, "साहेब, मान्यतेबिगर नोका बसू!" साहेब तसेच अर्धे वाकलेले राहिले. दारावरच्या 'मुख्याध्यापक' या पाटीवर सर रोज सकाळी खडूने आधी 'प्र.' लिहीत. मधल्या सुट्टीत आम्ही ते पुसून सरांना आमच्या परीने बढती द्यायचो. सर शांतपणे पुन्हा लिहायचे. "पुसून पगार वाढते काय रे पोट्टेहो?"

मी दहावीत गेलो त्या वर्षी पट रेघेला बरोबर टेकला. वर एक पोरगं शिल्लक नाही, खाली एक कमी नाही. मग सरांची झोप उडाली. कोणी पोट्टं शिंकलं की सर काढा घेऊन त्याच्या दारात हजर. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात शिरली की सर आपल्या फटफटीवर तिच्या मागे मागे, कोणाच्या दारात थांबते ते बघायला. पटाची सरकारी मोजणी तोंडावर आली होती.

आणि नेमके तेव्हाच माझे बाबा परांचीवरून पडले. गवंडी माणूस, कंबरच गेली. नाशिकच्या मामाचा फोन आला की आयटीआयमध्ये आठवी पासवर मिळणारी वेल्डरची एक जागा उरली आहे, शिकता शिकता संध्याकाळी वर्कशॉपात कामही मिळेल. मात्र शाळा सोडल्याचा दाखला घेऊन उद्या दुपारच्या आत पोचलं पाहिजे.

आई आणि मी शाळेत गेलो. दाखल्याचं नाव काढताच आमच्या शाळेच्या बाबूने कपाट बंद केलं.

"मावशी, मोजनी होऊ द्या. मंग नेजा."

"भरती उद्याच बंद होते म्हन्ते ना बाबू."

"तं पुढच्या साली जाईन तो."

"तोपावतर खाऊ काय आमी?"

सर स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. पंख्याच्या वाऱ्याने खुर्चीवरचं प्लास्टिक फडफडत होतं. आई हळूच म्हणाली, "सर, तुमचं नुकसान होत असन तं राहू द्या. करीन मी कसंबी."

सर उठून बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, ते प्रत्येक वर्गाच्या दाराशी थांबत आणि त्यांचं बोट हवेत हलत होतं. जणू कुठल्यातरी बाकाखाली एखादं जास्तीचं पोट्टं सापडेल. ते परत आले.

"सर," बाबू म्हणाला, "एका पोट्ट्यानं पद जाते. इचार करा."

"मले नको सांगू. मीच मोजून राह्यलो ना रोज! काढ दाखला."

"पन सर..."

"काढ म्हनलं ना! पोट्टं म्हंजे खुर्चीचा पाय हाय काय, टेकू म्हनून ठेवाले?"

सही करताना पेन क्षणभर थांबला. मग 'मुख्याध्यापक'च्या आधी त्यांनी नीट 'प्र.' लिहिलं.

रिसोडच्या स्टँडपर्यंत त्यांनी मला फटफटीवर नेलं. वाटेत चढावर ती बंद पडली. मी ढकलत होतो, सर तिला शिव्या देत होते. पोचलो तेव्हा नाशिकची गाडी निघालेली. सर हात पसरून एसटीच्या पुढ्यात उभे राहिले. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ मास्तर, मराचं हाय काय?"

"हेडमास्तर म्हन!" सर गरजले. आणि मग खालच्या आवाजात, "प्रभारी."

मला आत ढकलून त्यांनी सवयीने खिडक्यांमधून नजर फिरवली. "मांगच्या सीटवर पोट्टे दिसून राह्यले. कोन्या गावचे, इचारजो!"

नाशिकला मला प्रवेश मिळाला. शाळेचा पट एका पोराने कमी भरला आणि पद आलं नाही. हे मला बाबूने कळवलं. मी सरांना फोन लावून म्हणालो की माझ्यामुळेच पद गेलं. ते म्हणाले, "लय मोठा नको होऊ. त्या पिवळ्या गाडीनंबी नेलं असन एखादं. तथी रोज हजर राह्यतं ना तू?"

आज मी राजकोटच्या एका कारखान्यात आहे, ठेक्यावर. दर ठेका संपत आला की रात्री डोळा लागत नाही; गेटवर आपल्याला आत सोडतील की परत पाठवतील, हेच डोक्यात. तेव्हा सरांची वर्षं कशी गेली असतील ते कळतं. माझ्या नावाआधीही खडूने लिहिलेलं 'प्र.' आहेच की. सर मागच्या साली मास्तरच्याच पगारावर निवृत्त झाले. बाबू सांगत होता, शेवटच्या दिवशी त्यांनी खुर्चीच्या प्लास्टिकवरची धूळ रुमालाने पुसली, तिला हलकेच एक गिरकी दिली आणि ती थांबेपर्यंत बघत उभे राहिले. आता सकाळी ओट्यावर बसतात, शाळेत जाणारे पोट्टे मोजतात आणि आकडा बाबूला फोन करून सांगतात.

ओट्यावरही बसतात ते मात्र अजून स्टुलावरच. सर, खुर्चीसाठी चांगला जाड पाइप मी बघून ठेवला आहे. पाठ जरा मागे कललेली, हात टेकायला रुंद दांड्या, आणि सगळे जोड माझ्या हातचे. ठेका टिकला तर येत्या दिवाळीत, नाही टिकला तर थोडं उशिरा, पण तुमची खुर्ची मी घेऊन येणार. प्लास्टिक वाटेतच फाडून टाकीन. मान्यतेचं तुम्ही विचारणारच, म्हणून ती द्यायला आईला सोबत आणतो.