दत्ताने न दाखवलेली रेघ

दत्ता गेल्याचं लोहाऱ्याहून माझ्या चुलतभावाने फोन करून सांगितलं, तेव्हा डोळ्यांत पाणी यायला हवं होतं... आला तो राग. वाटलं, हा पुन्हा निसटला. आता जाब कुणाला विचारायचा? गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण गोड गोड लिहिलं तर तीही थापच होईल, आणि थापांचं आमच्या दोघांत आधीच फार झालं आहे.

तो माकणीचा, मी लोहाऱ्याचा. बारावीचं रसायनशास्त्र आम्ही धरणाच्या भिंतीवर बसून घोकलं आणि पुढे पुण्यात एकाच प्रयोगशाळेत पीएचडीला लागलो. मी औषधाचे रेणू बनवायचो. ते प्रथिनाला धरतात की नाही, हे दत्ता तपासायचा. त्याच्या यंत्रात काचेच्या चकतीवर सोन्याचा पातळ थर असे. त्यावर प्रथिन बसवायचं आणि वरून औषधाचं द्रावण सोडायचं. औषधाला रंग लावायची किंवा चमकणारं काही जोडायची गरज नाही. ते प्रथिनाला चिकटलं की चकतीवरून परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो आणि पडद्यावरची रेघ चढते. सुटलं की उतरते. नुसती चढण बघून हुरळणाऱ्यांवर तो वैतागायचा. "चिकटतं काय कुणीबी, सुटायला किती येळ लावतं ते बघ," म्हणायचा. आणि शेजारची कोरी वाट बघितल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, ही ताकीद रोजची. चकतीवर दोन वाटा असतात, एकीत प्रथिन, दुसरी रिकामी. औषध दोन्हींवरून जातं. रिकाम्या वाटेतही रेघ चढली, तर औषध प्रथिनाला नव्हे, नुसत्या चकतीलाच चिकटलेलं असतं.

माझा एक रेणू बनवायला मला काही वर्षं लागली होती. तो प्रथिनात बसला, असं दत्ताने सांगितलं आणि रेघ दाखवली, त्या दिवशी मी घरी फोन केला. आई गल्लीत पेढे वाटून मोकळी झाली. पुढचं सगळं काम मी त्या एका रेघेवर रचलं. मग एका परिषदेत मी ती पडद्यावर दाखवत असताना मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, कोरी वाट कुठे आहे? मी दत्ताकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. रिकाम्या वाटेतली रेघही तितकीच चढली होती, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "तू लई खूश हुतास, गड्या," तो म्हणाला. "तुझं तोंड बघून बोलवंना... मग येळच निघून गेली." एवढंच. त्याने माझं काम चोरलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तो पीएचडी अर्धवट सोडून गावी परतला आणि लोहाऱ्याच्या एका कॉलेजात शिकवू लागला. गावी गेलो की भेट व्हायची, मी मोजकंच बोलायचो. गेल्या दिवाळीत फार वाळलेला दिसला. विचारलं तर म्हणाला, "झ्याक हाय." आणि मी, त्याची ही सवय माहीत असून, पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवला.

दिवसकार्य झाल्यावर माकणीला गेलो. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, मला त्याच्या खोलीत त्याच्याच खुर्चीत बसवलं. त्या रडत नव्हत्या, त्यांचा आवाज कोरडा होता. फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान दिवाळीच्या आधीच झालं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या ताबडतोब सुरू करायला सांगितल्या होत्या. पण लेकीची बारावी होऊ दे, म्हणून त्याने घरात कुणालाच कळू दिलं नाही. परीक्षा संपल्यावर गोळ्या आणल्या, तोवर फार उशीर झाला होता.

"एका घरात राहून मला फसवलं हो त्यांनी, भावजी," वहिनी म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझा राग कळेल असं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

मग त्यांनी फळीवरून गोळ्यांची डबी काढली. जवळजवळ भरलेलीच होती. "तुमचं शिक्षण ह्यातलंच. खरं सांगा, येळेवर घेतल्या असत्या तर गुण आला असता का?"

मी नाव वाचलं. हे औषध मला चांगलं माहीत आहे. ते नेमक्या प्रथिनात जाऊन बसतं, लवकर सुटत नाही, आणि कोरी वाट सपाट राहते. किती दिवस मिळाले असते ते कुणी सांगू शकत नाही, पण बहुतेक मिळाले असते. हे तोंडाशी आलं होतं. मग मी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "काही उपयोग झाला नसता."

त्यांनी हळूच मान डोलावली आणि डबी परत जागेवर ठेवली. दत्ताच्या खुर्चीत बसून मी हे बोललो, आणि तेव्हापासून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

हा लेख छापून येईल तेव्हा वहिनी तो वाचतील. त्याआधी माकणीला जाऊन त्यांना खरं सांगायला हवं... मागचा रविवार गेला. हाही गेला.