हमीदभाई आणि मुद्दाम गंजणाऱ्या गाड्या

विम्याचा सर्वेअर म्हणून मी बावीस वर्षं अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांत उभा राहिलो. ठोकलेली गाडी बघायची, नुकसान लिहायचं, चहा प्यायचा. लिहिलेले रिपोर्ट सगळे विसरलो. गॅरेजात ऐकलेलं मात्र एकेक आठवत राहतं, आणि एक सांगायला बसलं की मागून चार येतात. त्यातले निम्मे किस्से एकट्या हमीदभाईंचे!

हमीदभाईंचं गॅरेज अमरावतीत, वलगावच्या रस्त्याला. काम पत्र्याचं आणि वेल्डिंगचं. ती वर्षं कापसाची वाईट होती. नवी गाडी घेणारे कमी, जुनीच ओढणारे जास्त. त्यामुळे गंजलेल्या गाड्यांची तिथं रांग असायची. आणि रांगेतल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "कंपनीवाले मुद्दाम गंजणारी गाडी बनवतात का हो?"

*

हा प्रश्न सगळ्यात मोठ्या आवाजात विचारायचे जोशी वकील. चौथ्याच वर्षी त्यांच्या कारचे चारही दरवाजे खालून सडले.

"हमीदभाई, हा सरळ सरळ कट आहे! गाडी लवकर सडली की माणूस दुसरी घेतो. मी केस टाकतो कंपनीवर!"

हमीदभाई दरवाजाखाली आडवे झाले, हातात एक तार घेतली आणि दरवाजाच्या खालच्या कडेला टोचत बसले. डांबराचा एक खपला निघाला. मागून भळाभळा गढूळ पाणी, मग चिखल. आणि चिखलात चक्क एक मोड आलेला मूग! काचेच्या फटीतून कधीतरी आत पडला असणार.

"वकीलसाहेब, पाणी जायले कंपनीनं भोकं ठेवली होती. हे डांबर कोणं मारलं?"

"मीच मारून घेतलं. गंज लागू नये म्हणून!"

हमीदभाईंनी तो मूग तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरला.

"टाका केस. पण साक्षीदार कंपनीकडून बोलून राहिला!"

*

वाटलं, विषय संपला. पण महिन्याभरानं हमीदभाईंनी स्वतःच वकिलांना बोलावणं धाडलं. मीही तिथंच होतो.

समोर त्याच मॉडेलची दुसरी गाडी. मालक नीटनेटका, भोकं साफ, डांबर नाही. तरी दरवाजे खालून तसेच सडलेले! हमीदभाईंनी कापलेला पत्रा उलटा करून दाखवला. पाणी जायचं भोक तळाशी नव्हतंच. तळापासून बोटभर वर होतं. म्हणजे बोटभर पाणी कायम आत साचलेलं.

"त्या दिवशी म्या तुमाले हसलो. तुमचं बी थोडं बरोबर होतं, वकीलसाहेब."

वकील उजळले. "म्हणजे मुद्दामच ना?"

"मुद्दाम का आळस, ते मले नाही सांगता येत. पण बोनेटवर बोट फिरवा, मंग दरवाजाच्या आतून फिरवा. दिसते तिथं रंग, दिसत नाही तिथं अल्ला मालिक!"

मी तेव्हा माझ्या कामात बसत नसलेली एक गोष्ट केली. हमीदभाईंनी खडूनं काढून दाखवलेलं ते भोक कागदावर उतरवलं आणि गाडीच्या कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दोन स्मरणपत्रं पाठवली. त्यांचंही नाही.

तीन वर्षांनी त्याच गाडीचं नवं मॉडेल ठोकून गॅरेजात आलं. हमीदभाईंनी नुकसान बघायच्या आधी खाली वाकून दरवाजाच्या तळाला बोट लावलं.

"सर्वेअर साहेब, इकडे या. भोक खाली आलं न!"

मी म्हटलं, "माझ्या पत्रामुळं कशावरून? त्यांचं त्यांनाही सुचलं असेल."

"कोणाले का सुचेना जी! आता तर बरोबर जागी आहे न?"

आणि त्या दिवशी सगळ्या गॅरेजाला समोसे!

*

एकदा चांदूर बाजारचे एक गृहस्थ जीप घेऊन आले. जीप शाळेच्या मुलांची ने-आण करायची. मागच्या सीटखालचा तळ गंजून जाळी झाला होता. त्यांना तो कापून नवा घालायचा नव्हता.

"पुट्टी भरा, वरून रंग मारा, मॅट टाका. मले विकूनच टाकायची आहे."

"कोणाले विकता?"

"आहे एक. तो बी शाळेचीच पोरं नेते."

हमीदभाईंनी हातोडा उचलला. कोणाला काही कळायच्या आत तळावर तीन घाव घातले. दणादण! जाळी झालेला पत्रा खाली पडला आणि जीपमधून सरळ जमीन दिसायला लागली.

गृहस्थ किंचाळले, "अहो, हे काय करून राहिले?"

"आता झाका पुट्टीनं!"

भांडण पोलीस चौकीपर्यंत जाणार असं वाटत होतं. पण हमीदभाईंनी त्यांना हात धरून आणलं, त्या भोकापाशी बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "कंपनी गाडी गंजवते का नाही, मले मालूम नाही. पण गंज झाकते तो माणूस. पाय ठेवा इथं, अन् मंग सांगा."

गृहस्थांनी पाय ठेवला नाही. पुट्टीचा विषय सोडला. नवा तळ बसेपर्यंत मग तीन दिवस ते रोज गॅरेजात येऊन बसले आणि तयार झाल्यावर त्याच्यावर स्वतः उड्या मारून पाहिल्या!

*

हमीदभाई चुकायचे नाहीत असं नाही. पण चुकले की चारचौघांत चुकायचे, लपून नाही.

वकिलांच्या कारची काच वर-खाली करणाऱ्या मोटरमधलं प्लॅस्टिकचं चाक तुटलं. दातेरी, एवढंसं.

वकील गरजले, "बघा! पितळेचं करता आलं नसतं का? हे तर तुटायसाठीच केलंय!"

हमीदभाईंनाही पटलं. त्यांनी ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेचं चाक बनवून आणलं. देखणं काम! पुढच्या उन्हाळ्यात धुळीनं काच अडकली. पितळेचं चाक काही तुटेना, मोटर जोर लावत राहिली आणि जळून गेली.

हमीदभाईंनी स्वखर्चानं दुसरी मोटर बसवली, आत प्लॅस्टिकचंच चाक घातलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ते तुटायसाठीच केलं होतं, वकीलसाहेब. ते मरते म्हणून मोटर जगते. कंपनी शहाणी, म्या येडा!"

वकील म्हणाले, "हे मी न्यायाधीशाच्या तोंडून कधी ऐकलं नाही!"

*

सगळेच किस्से हसण्यावारी जात नाहीत.

दर्यापूरकडचे गुलाबराव, खारपाणपट्ट्यातले. त्यांनी आणि त्यांच्या वलगावच्या साडूनं एकाच दिवशी, एकाच दुकानातून सारख्या जीपा घेतल्या होत्या. पाच वर्षांनी साडूची जीप ठणठणीत आणि गुलाबरावांची चाळण!

"हमीदभाई, कंपनीनं मले खराब लोखंडाची देली!"

हमीदभाई जीपभोवती फिरले. मडगार्डवर पाणी सुकल्याचे पांढरे डाग होते. त्यांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

"गाडी कायनं धुता?"

"बोरच्या पाण्यानं. सकाळीच धुतली."

"खारं आहे. लोखंड तेच हाय भाऊ, पाणी तुमचं खाऊन राहिलं त्याले."

आम्ही सगळे हसलो. गुलाबराव नाही हसले. म्हणाले, "मंग आमी तेच पाणी पिऊन राहिलो. आमचं काय?"

वेल्डिंगचा आवाज थांबला. गुलाबरावांचा मोठा भाऊ किडनीच्या आजारानं अंथरुणाला खिळलेला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

हमीदभाईंनी जीप दुरुस्त केली. न्यायला आलेल्या गुलाबरावांना थांबवून त्यांनी दोन मोठ्या कॅन आपल्या नळावर भरल्या आणि मागच्या सीटवर ठेवल्या. "हे गाडी धुवायले नाही बरं का!" त्यानंतर त्या भागातली कोणतीही गाडी त्यांच्या गॅरेजातून रिकामी गेलेली मी पाहिली नाही.

*

आणि हा अकोल्याचा.

एका कार कंपनीनं भागातल्या मिस्त्रींना हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. नव्या गाडीची माहिती आणि जेवण. हमीदभाई कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मी सोबत होतो. स्टेजवर मुंबईहून आलेले मोठे साहेब. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं, "या गाडीला सहा वर्षं गंजणार नाही अशी गॅरंटी आहे! काही प्रश्न?"

हमीदभाई उभे राहिले.

"सहाच काऊन? सात काऊन नाही?"

"आम्ही लॅबमध्ये मिठाच्या पाण्याची टेस्ट करतो. त्यावरून आयुष्य काढतो."

"म्हणजे कधी गंजते ते तुमाले मालूम असते!"

हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या. साहेबांनी पुढचं चित्र लावलं.

जेवण झाल्यावर आम्ही पार्किंगमध्ये आलो, तर मागून साहेब भरभर चालत आले. एकटेच.

"हमीदभाई, माझी गाडी जरा खालून बघता का? मुंबईहून हिच्यातूनच आलोय. वडिलांची आहे."

गाडी चांगली वीस वर्षांची. हमीदभाई पांढऱ्या शर्टासकट खाली शिरले. मग खालून विचारणा झाली, "एक ठिपका नाही हो गंजाचा! कोणं सांभाळली?"

"मीच. दर पावसाळ्याच्या आधी आतून-खालून तेल मारतो. स्वतःच्या हातानं. भोकं साफ करतो."

"कोणत्या कंपनीची म्हणाले?"

"आमच्याच."

हमीदभाईंनी डोकं बाहेर काढलं. "मंग हे तेलाचं स्टेजवर काऊन नाही सांगितलं?"

साहेबांनी इकडे-तिकडे बघितलं, टाय काढून खिशात कोंबला आणि त्यांच्या शेजारी फरशीवर उताणे झाले.

"वर मी कंपनीचा होतो, भाई. इथं गाडीवाला आहे."

"मंग सरका थोडे," हमीदभाई म्हणाले. "उजेड येऊ द्या."