चोरांसाठी केलेला शेवट

माझ्या मेहुण्याचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की माणूस आतल्या गाठीचा निघाला. बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि आमच्या कंपनीत तो लागला तोही माझ्याच शब्दावर. म्हणजे धोंडा माझा आणि पायही माझाच.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. अकरा वर्षं शिकवली. सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी मार्क देतो म्हणून मुख्याध्यापकांनी समज दिली, तर यानं पुढच्या परीक्षेत पुन्हा सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले आणि वर राजीनामा दिला. मग आठ महिने घरी. बायको रोज सकाळी मी बूट घालताना शेजारी येऊन उभी राहायची. "अहो, तुमच्या गेममध्ये चित्रं लागतातच ना? एकदा शब्द टाकून बघा की." टाकला एकदाचा.

आमची कंपनी म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. मॅडम मालकीण. आवाज आणि संगीत बघणारी एक बाई, प्रोग्राम लिहिणारा एक दाढीवाला, मी, आणि मग हा. दुपारी खालच्या यंत्रांनी फरशी थरथरते आणि साबणाचा वास वर येतो. कॉम्प्युटरवर खेळायचे छोटे गेम आम्ही बनवतो. माझं काम त्या गेमला कुलूप घालायचं. म्हणजे पैसे भरणाऱ्याला गेम चालावा आणि फुकट नक्कल उचलणाऱ्याला चालू नये. चौदा वर्षं हेच करतोय, ऑफिसात मला 'कुलूपवाले' म्हणूनच हाक मारतात.

मेहुणा वर्षभरात सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला. तो अर्धा तास उशिरा येतो आणि कुणी काही बोलत नाही. मी नऊच्या ठोक्याला येतो, तेही कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या पायात दोन रंगांचे मोजे असले तर, वा, कलावंत! मी घातले असते तर म्हणाले असते, घरी काही बिनसलंय का.

चित्रं काढता काढता त्यानं एक गोष्टच लिहून आणली. एक म्हातारा नावाडी, नदीच्या या काठावरची माणसं त्या काठाला पोचवतो. खेळणाऱ्यानं वल्ही मारायची, प्रवाशांशी गप्पा मारायच्या, असे गेममधले तीस दिवस. तिसाव्या दिवशी प्रवासी कुणी नाही, नावाडी एकटाच निघतो, आणि पलीकडे त्याची बायको कंदील घेऊन उभी असते. संपलं. मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, यात काय आहे एवढं? पण होतं, चांगलं होतं. म्हणून तर जळफळाट झाला माझा.

गेम होत आला तेव्हा कुलपाचा विषय मीच काढला. तीन महिने द्या, म्हटलं, यंदा असं कुलूप करतो की फोडणाऱ्याला घाम फुटेल.

"भाऊजी, पण कुलूप हवंच कशाला?" मेहुणा म्हणाला.

"कशाला म्हणजे? मागच्या गेमचं विसरलास? दहा जण खेळले त्यातले सात फुकटे."

"आणि उरलेल्या तिघांचं काय झालं?"

हे त्यानं बोलायला नको होतं. मागचा गेम दर वेळी उघडताना आमच्या सर्व्हरला विचारायचा, हा माणूस आपला का? एका शनिवारी सर्व्हरच बसला. दोन दिवस पैसे भरलेली माणसं बाहेर, आणि फुकटे आत मजेत, कारण त्यांनी कुलूपच काढून फेकलं होतं. मी चार महिने खपून केलेलं कुलूप त्यांनी चार दिवसांत फोडलं. फोडणाऱ्यानं वर चिठ्ठी ठेवली होती, 'सोपं होतं.' ते दोन शब्द मी अजून विसरलेलो नाही.

"चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही," मेहुणा म्हणाला. "ज्यानं पैसे दिले त्याचीच झडती घ्यायची? आज ज्याच्याकडे नाहीत तो फुकट खेळेल, उद्या कमवायला लागला की विकत घेईल."

"आणि तोवर आपण काय हवा खायची? तुझं बरं आहे बाबा, उंटावरून शेळ्या हाकायच्या."

दाढीवाला म्हणाला, कुलपामुळे गेम अडखळत चालतो. आवाजवाल्या बाई म्हणाल्या, मी कॉलेजात असताना सगळे गेम फुकटच खेळले, आता एकूण एक विकत घेते. कुलूप नसलं तर या कुलूपवाल्यानं काय करायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मॅडमनी हात वर करायला सांगितले. नको म्हणणारे तीन, हवं म्हणणारा मी एकटा.

"ठरलं तर," मॅडम म्हणाल्या. "कुलूप नाही. तुम्ही आता बिल्डचं बघा."

बिल्ड म्हणजे सगळ्यांचं काम एकत्र बांधून ऑनलाइन दुकानात पाठवायचं. पुड्या बांधायचं काम! चौदा वर्षांनंतर! घरी बायको म्हणाली, "बरं झालं मॅडमनी त्याचं ऐकलं. त्याला माणसं कळतात हो." मी जेवण होईपर्यंत एक अक्षर बोललो नाही.

पण पुड्या बांधणारा पुडीत काय घालतो ते कोण बघतं? शेवटचं बिल्ड बांधताना मी त्यात चाळीस ओळी गुपचूप घातल्या. गेम पहिल्यांदा उघडला की त्या ओळी मशीनमधल्या डिस्कचा नंबर एका फाइलीत लिहून ठेवणार. कुणी गेमचं फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर टाकलं की नंबर जुळणार नाही. तरी अडवायचं नाही. एकोणतीस दिवस सुखानं खेळू द्यायचं. तिसाव्या दिवशी मात्र पलीकडचा काठ येऊच द्यायचा नाही. कंदील लांबवर दिसतो आणि तेवढाच लांब राहतो. मार म्हणावं वल्ही! फुकट्याची चांगली जिरेल, वैतागून विकत घेईल, अशी माझी अटकळ. आणि खरं सांगू? लोक वैतागले तर शिव्या मेहुण्याला बसतील, हेही मनात होतं.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. गेम बाहेर पडला आणि पंधरा दिवसांत फुकट्यांचे मेसेज यायला लागले. 'दोन तास वल्ही मारली, मग कळलं की काठ येणारच नाहीये. वडील गेल्यानंतर आज पहिल्यांदा रडलो.' दुसरा लिहितो, 'दिवा दिसतोय आणि पोचता येत नाही, हे ज्याला सुचलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं.' काहींनी खरोखरच गेम विकत घेतला. वैतागून नव्हे, आभार म्हणून! मग पैसे भरलेले चिडले. आम्ही रोख मोजून गोड शेवट घ्यायचा आणि फुकट्यांना खरा शेवट, हा कुठला न्याय? चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, इथे सावांच्या ऐकायची पाळी आली.

आणि हे सगळं कौतुक कुणाच्या पदरात? मेहुण्याच्या. तो बिचारा प्रत्येकाला सांगत होता, "अहो, ते मी नाही केलेलं." लोक म्हणायचे, बघा, विनय बघा! कुलूप तर ठेवलंच नव्हतं, त्यामुळे मॅडमना वाटलं, दाढीवाल्याकडून काहीतरी चुकून झालं असेल. तो रोज आपला प्रोग्राम उलटापालटा करून शोधायचा, पण माझ्या ओळी त्यात नव्हत्याच, त्या बिल्डमध्ये होत्या. मी मूग गिळून बसलो. बोललो तर नोकरी जाणार, न बोललो तर माझ्या चाळीस ओळींवर मेहुण्याच्या आरत्या होणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एका रविवारी सकाळी बायकोनं त्यातला एक मेसेज मला मोठ्यानं वाचून दाखवला. वाचता वाचता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माझ्या भावाच्या मनात एवढं कुठं हो असतं? दिसतो तर नुसता येडबंबू." मग तिनं तो मेसेज सगळ्या नातेवाइकांना पाठवला, चुलत, मावस, आते, कुणी सोडलं नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्या कामानं तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आज आलं तर ते त्याच्या नावानं. मी केलंय ते, मी, असं ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. "छान आहे," म्हटलं आणि पेपर उघडला.

त्याच आठवड्यात ऑफिसात पाकिटातलं पत्र आलं. मॅडमनी सगळ्यांना बोलावून वाचलं.

'आमच्या यजमानांचं वय एकाहत्तर. पंधरा तारखेला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, नंतर किती दिसेल याची खात्री देता येत नाही. त्याआधी त्यांना तुमचा गेम पुरा करायचा आहे. मध्ये कॉम्प्युटर बिघडला होता. जावयांनी नवी डिस्क बसवून सगळं होतं तसं उतरवून दिलं. आता बारा दिवस झाले, हे रोज सकाळी दहा ते अकरा वल्ही मारतात, पण काठ येत नाही. आपलंच काही चुकतंय असं त्यांनी मनाला लावून घेतलं आहे. पैसे भरल्याची पावती जोडली आहे. काठ कधी येतो, तेवढं कळवावं.'

"पंधरा म्हणजे परवाच," आवाजवाल्या बाई म्हणाल्या.

दाढीवाल्यानं कपाळाला हात लावला. "मला तर कुठं शोधायचं तेच कळत नाहीये."

पावती माझ्या हातात आली होती. नवी डिस्क, जुना नंबर. रीतसर पैसे भरलेल्या म्हाताऱ्याला माझ्या ओळींनी चोर ठरवलं होतं, आणि त्याला तसं सांगितलंही नव्हतं. तरी पहिला विचार काय आला? की आत्ता गप्प बसलो तर दुपारपर्यंत ओळी गुपचूप काढून टाकता येतील, या कानाचं त्या कानाला कळणार नाही. तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "मॅडम, शेवट माझा म्हणतात ना सगळे? मग पत्राला उत्तर मी देतो. चूक माझी म्हणून लिहितो."

झालं! म्हणजे शेवट तर शेवट, आता त्याची चूकसुद्धा हाच घेणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोक पुढे म्हणाले, कुलूपवाल्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. कसला प्रामाणिकपणा! जळून बोललो मी.

"ते मी केलंय," मी म्हणालो. "चाळीस ओळी आहेत. सगळ्या माझ्या."

मॅडमनी पत्राची घडी घातली. "कुलूप नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"हो."

"आधी त्यांना फोन करा. मग ओळी काढा. मग माझ्या खोलीत या."

फोन म्हाताऱ्यांनीच उचलला. चूक आमची आहे, संध्याकाळपर्यंत दुरुस्त गेम पाठवतो, असं मी अडखळत सांगितलं. ते म्हणाले, "पण काठ आहे ना?"

"आहे हो. आहे."

"मग ठीक. मला वाटलं, मलाच जमत नाहीये."

मी ओळी काढायला बसलो तर मेहुणा खुर्ची ओढून शेजारी आला. आता हा मला समजून घेणार, या विचारानंच माझं डोकं फिरलं. पण तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "भाऊजी, पंधरा दिवस माझी झोप उडालीय. सगळे म्हणतात तू केलंस, आणि मला माहीत, मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. मला काय सुचलं? कंदील घेतलेली बायको. कोण आहे हा माणूस, म्हणून नुसता जळत होतो मी."

"जळत होतास?"

"विचारू नका. दाढीवाल्याशी तीन दिवस धड बोललो नाही, तो असेल म्हणून."

मला लाज वाटायला हवी होती. झाला तो आनंद, आणि असा की पोटात मावेना. "पुन्हा सांग," मी म्हणालो. त्यानं पुन्हा सांगितलं. मग मी चाळीसच्या चाळीस ओळी पुसल्या. मॅडमनी मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली, त्यापुढे काम नाही. माझं चुकलंच होतं, मी वाद घातला नाही.

घरी गेलो तो ताठ मानेनं. नोकरी गेल्याचं नंतर सांगू म्हटलं, आधी मुख्य गोष्ट. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, ओळी, डिस्क, नंबर, म्हातारे. "तो काठ न येणारा शेवट तुझ्या भावाचा नव्हे. माझा आहे." आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो.

"म्हणजे त्या रविवारी मी रडले ती तुमच्यामुळे?"

"हो!"

"आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात?"

मी काहीतरी सांगू लागलो, नोकरीची भीती वगैरे. तिनं हातातला सदरा खाली ठेवला.

"तो येतो आणि दिवसभर काय केलं ते तासभर सांगत बसतो, म्हणून त्याचं कौतुक करते मी. तुम्ही एकोणीस वर्षांत काय सांगितलंत? कुलूप घालतो. बास. दुसऱ्याचं नाव घेऊन मी रडले, तरी तुमच्या तोंडातून शब्द फुटला नाही. एवढी परकी आहे मी?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आता भावाला फोन लावून त्याच्यापाशी मन मोकळं करणार, म्हणून मी कान टवकारून बसलो, जळतच. बराच वेळ गेला. ती कुणाशीच बोलत नव्हती.