सुई चालत नाही

हे मी कुणालाच बोललेले नाही. देवालाही नाही — त्याच्यापुढे नुसता दिवा लावून उठत आले. तुम्ही माझे कोण लागता? कुणी नाही. म्हणून तर सांगवतंय.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. निघोज्यात मी एकटी राहायचे. नवरा देहूरोडला कामाला होता, तापाने गेला, मूलबाळ नाही. माणूस एकटं पडलं की काय होतं, ठाऊक आहे? मी मांजराशी भांडायचे. तेही कंटाळून शेजारी राहायला गेलं.

त्याच शेजारच्या घरची सून, गोदा, एकदा कळवळत माझ्या ओट्यावर टेकली. पाळी आली की तिला कळा यायच्या, अंगावरून फार जायचं. तिने जरा बसावं, एवढंच माझ्या मनात. म्हणून झेंडूच्या पाकळ्या गुळाच्या पाण्यात उकळल्या आणि सासूने मरताना सांगितलेलं औषध आहे, अशी थाप मारली. सासूने मला आमटीत मीठ किती घालावं हेसुद्धा कधी धड सांगितलं नव्हतं! पण गोदाला त्या खेपेला बरं वाटलं. का वाटलं, मला काय माहीत?

मग बायका येऊ लागल्या. निघोज्याच्या, महाळुंग्याच्या, बाजाराच्या दिवशी चाकणच्यासुद्धा. औषध घरी नेऊ म्हणायच्या, तर मी नियम काढला — माझ्याच ओट्यावर बसून प्यायचं. आणि दुसरा — यावर डॉक्टरची सुई चालत नाही, टोचली की औषध उलटतं. पहिला नियम त्यांनी बसावं म्हणून. दुसरा — त्यांनी दुसरीकडे जाऊ नये म्हणून. किती हसायचो आम्ही त्या ओट्यावर! मी सुखात होते, आता खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी गोदाचं रक्त थांबेना. तिचा नवरा किसन बैलगाडी जुंपून उभा, चाकणच्या डॉक्टरकडे न्यायला. ती भिंत धरत धरत माझ्याकडे आली. ओठ पांढरे पडलेले.

“मावशी, सुई घेऊ का नगं? तुमी म्हनाल तसं.”

एकच शब्द बोलायचा होता — जा. पण ती सुईने बरी झाली असती तर? माझ्या ओट्यावर मग कोण आलं असतं? एवढाच विचार केला मी. खरंच, एवढाच.

“बस,” म्हणाले. “औषध घे.”

भांडं दोन्ही हातांनी धरून ती सगळं प्यायली.

दुपारी तिची शुद्ध गेली, तेव्हा कुणाचं न ऐकता किसनने तिला गाडीत घातलं. डॉक्टरने सुई दिली, पण फार उशीर झाला होता. संध्याकाळी गाडी परत आली ती तिला झाकूनच.

गावाने काय धरलं? सुईने औषध उलटलं. किसननेच बायको मारली. त्याची आईसुद्धा तेच म्हणाली — आणि मी गप्प. किसन जन्मभर तेच मानून जगला. दुसरं लग्न केलं नाही. मागल्या साली तोही गेला.

गोदाचं तेरावं झाल्यावर तो माझ्याकडे आला होता. ओट्यावर चढला नाही, खाली मातीतच बसला.

“मावशी, तुमचं ऐकलं न्हाई मी. माझ्या हातानं गेली वो ती.”

मी ओट्यावरून खाली उतरले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.