मोह उचलायला दोघी लागतात

जोडून तीन सुट्ट्या आल्या आणि नागपूरची लेक फोनवर म्हणाली, "आई, शनिवारी येऊन राह्यलो आम्ही." हे गेल्यापासून घरात मी एकटीच. माझे पाय काही जमिनीवर राहिले नाहीत.

मोहाचे दिवस होते. आमच्या कुरखेड्याकडे वेचलेली मोहफुलं अंगणात जुन्या लुगड्यावर वाळत घालतात. वाळली की लुगड्याची टोकं दोन्हीकडून दोघींनी धरायची आणि मोह उचलून आत न्यायचा. लेक लहान होती तेव्हापासून दुसरी बाजू तिचीच. यंदाची फुलं शुक्रवारीच वाळली होती, तरी मी मुद्दाम उचलली नाहीत.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाई, वाळला ना मोह? काऊन ठेवला मंग? चाल, धरू दोघी."

"राहू दे. माही पोरगी येऊन राह्यली," मी तोऱ्यात म्हणाले.

"हो ना बापा! आता आम्हाले कोन विचारते!" ती हसत आत गेली.

शनिवारी सकाळी लेकीचा फोन. "आई, अंदाज पाह्यला का? दोन दिवस कोरडे आहेत, पन सोमवारी सांजेले वादळ येऊ शकते म्हनते. लेकरं घेऊन कुठी अडकू? पुढच्या सुट्टीत पक्कं."

डोकंच फिरलं माझं. अगं, वादळ सोमवारी, तेही आलं तर! शनिवारनं काय घोडं मारलं होतं? पण तोंडातून एवढंच निघालं, "बरं बाई." मग नातवंडांच्या वड्यांसाठी भिजवलेली डाळ दिसली आणि रडूच आलं.

दोन दिवस खडखडीत ऊन पडलं. शेजारणीला हाक मारायला जीभ रेटेना. सोमवारी ऊन कलल्यावर एकटीनेच टोपली टोपली करून मोह आत नेला. कंबर मोडली मेली. मग पडवीत वादळाची वाट पाहत बसले. खरं सांगते, ते यावं असंच वाटत होतं. चार कौलं उडाली असती तरी चाललं असतं, लेक खरी ठरली असती.

झाडाचं पानही हललं नाही. दिवेलागण झाली, चांदण्या दिसायला लागल्या. तेवढ्यात तिचा फोन आला.

"आई, आलं का वो वादळ?"

मी वर पाहिलं. आभाळ लख्ख होतं.

"आलं ना बापा," मी म्हणाले. "लय आलं. बरं झालं तू नाई आली."