वडखळला अडकलेले फादर

हे मार्थालाही सांगितलेलं नाही. मार्था म्हणजे माझी बायको. फौजेतल्या सगळ्या गोष्टी तिला ठाऊक आहेत, न सांगण्यासारख्यासुद्धा. ही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला रविवारी वेदीपाशी उभं असलेलं पाहिलेलं नाही. पाहिलं असतंत, तर तोंड उघडलं नसतं.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो, रोह्याला घर केलं आणि मग डीकन झालो. डीकन म्हणजे — कसं सांगू? बायकामुलं असलेला माणूसही डीकन होऊ शकतो. मी बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, माती देतो, प्रवचन करतो. पण मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, साजरी करणं, पापकबुली ऐकणं, मरणाऱ्याला पवित्र तेल लावणं — ही कामं फादरची. आमचे फादर जोएल पेणला असतात. रविवारी स्कूटरवरून रोह्याला लागून असलेल्या वरसेच्या आमच्या छोट्या चॅपेलमध्ये येतात. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढे.

फौजेत तरी आयुष्यभर काय केलं? नुकतंच मिसरूड फुटलेल्या साहेबांना सलाम ठोकला, आणि त्यांना कळू न देता त्यांचं काम त्यांना शिकवलं. वाटलं होतं, देवाच्या घरी तरी हे संपेल. तर इथंही पुन्हा एक पाऊल मागेच! मी आठवडाभर घासूनपुसून प्रवचन तयार करायचो आणि लोक घड्याळ बघायचे. फादरनी हसत दोन वाक्यं सांगितली की बायका डोळे पुसायच्या. त्यांच्यासाठी डबे यायचे. मला कुणी डीकनसुद्धा म्हणत नसे — सुभेदारसाहेब. मी जळायचो. त्यांच्या शेजारी उभा राहून, हात जोडून जळायचो.

अंतोनकाका वरसेतच राहायचे. कंपनीत बॉयलरवर शिफ्टा करून म्हातारे झालेले. दवाखान्यानं घरी पाठवलं, तेव्हापासून मी रोज दुपारी जायचो. कम्युनियनची पवित्र भाकर द्यायचो, एखादं स्तोत्र वाचायचो. मनात म्हणायचो, हा एक माणूस तरी माझा आहे. एका दुपारी प्रार्थना संपली आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुभेदार, फादरला बोलव. एक बोलायचं हाय, मरायच्या आधी."

मला सांगा ना, म्हणालो मी. काय अधिकार होता मला?

"तुला नाय. फादरलाच."

त्यांचं बरोबर होतं. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातलं पोरही तेच म्हणालं असतं. पण मला ऐकू काय आलं? तू पुरेसा नाहीस. मी पडवीत गेलो, फोन कानाला लावला आणि आत काकांच्या बायकोला, रिताकाकींना, ऐकू जाईल अशा आवाजात "हॅलो फादर" म्हणालो. फोन लावलाच नव्हता.

परत आत आलो आणि सांगितलं, "निघालेत फादर. वडखळला अडकलेत."

आमच्या भागात यावर कोण शंका घेणार? त्या नाक्यावर लग्नाची वऱ्हाडं अडकतात, रुग्णवाहिका अडकतात. माझा बेत इतकाच होता — उद्या बोलावू, आज म्हाताऱ्याला माझ्यावर भागवू दे. बेत म्हणतो मी त्याला! काका दाराकडे बघत राहिले. मधूनमधून विचारायचे, "आला काय?" आणि मी फादरना रस्त्यावरून पुढं सरकवत राहिलो. वडखळ सुटलं. आता नागोठण्याला असतील. एवढ्यात येतील.

मग काकांचा श्वास बदलला. मरणं पाहिलेला माणूस मी, ओळखलं. तेव्हा खरोखर फोन केला. फादर जेवढ्या वेगानं येता येईल तेवढ्या वेगानं आले. काका आधीच गेले होते. जे बोलायचं होतं ते बोलायचं राहिलं — काय होतं, ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही.

रिताकाकी फादरसमोर कोसळल्या. "दुपारपासून वाट बघत व्हता वो तुमची. त्या वडखळनं घात केला!"

फादरनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन कधी केला, हे त्यांना माहीत होतं. ते एक शब्द बोलले असते तर मी संपलो असतो. ते काकींकडे वळले, त्यांच्यासमोर गुडघे टेकले आणि म्हणाले, "मला उशीर झाला, काकी. मला माफ करा."

तेव्हापासून गावात फादर उशिरा आले असंच बोलतात. काकी त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. माझं मात्र नाव घेतात, सुभेदार शेवटपर्यंत बसून होते म्हणून. मी ऐकून घेतो. फादरनी मला कधीच काही विचारलं नाही.

आणि मला काय वाटलं, सांगू? त्या घरात, काकांच्या उशाशी उभा असताना? लाज नंतर आली. आधी वाटलं — हेही याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं. मला त्याचा हेवा वाटला. अजून वाटतो.