छकड्यावरची मागची जागा

धान कापून झालं की आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावात बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या होत आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, गोष्टी सुरू होत. पटाचा छकडा अगदी हलका असतो. त्यावर एकच माणूस उभा राहतो, धुरकरी. माझा मोठा भाऊ धुरकरी होता. मी चंद्रपूरला वसतिगृहात राहून मास्तरकी शिकत होतो.

ऐंशीनंतरच्या त्या दोन हिवाळ्यांत, सुट्टीत घरी आलो की तो मला छकड्यावर घ्यायचा. सरावाला आम्ही दोघं उभे राहायचो, मी पुढे आणि तो माझ्या पाठीला लागून. कासरा माझ्या हातात, त्याचे हात माझ्या हातांवर. माझे पाय ताठ झाले की तो गुडघ्याने माझा गुडघा ढकलायचा. "ढिला राह्य मास्तर. खुर्चीवर नाई बसला तू." बैलांना टोचायची पराणी त्याने कधी वापरली नाही. निघताना बैलांना तो एवढंच म्हणायचा, "चाल गा." एखाद्या सोबत्याला घरून हाक मारून न्यावं तसं. तांबडा आणि काळा, दोघंही त्या शब्दावर निघत. बांधीच्या टोकाला पोचेपर्यंत मला वाटत राही की जोडी मीच हाकतो आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात, सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत, तो म्हणाला होता, "उद्या एकटा जाय." माझी परीक्षा जवळ आली होती. पुढच्या वर्षी जाईन, असं मी म्हटलं.

त्या पावसाळ्यात तो तापाने गेला. चौथ्या दिवशी गेला. विहारातल्या भिक्खूंनी घरी येऊन वंदना घेतली, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे परतले. मग घरात शिकून परतलेला मी, वहिनी आणि गोठ्यात ती जोडी. थंडी पडू लागली तशी वहिनी एकदा भाकरी वाढताना म्हणाली, त्यांची जोडी यंदा पटात धावली पाहिजे, मग नांगराला जुंपली तरी चालेल. बाहेरच्या माणसाला बैल जवळ येऊ देत नव्हते. उरलो मी.

पहिल्या सकाळी एकटाच छकड्यावर उभा राहिलो. कासरा बरोबर धरला, गुडघे ढिले ठेवले. म्हणालो, "चला."

बैल उभेच. पुन्हा म्हणालो, "चला रे, चला." तांबड्याने शेपटीने माश्या हाकलल्या.

बांधावर भावाचा जुना सोबती बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "कोणाले बोलून राह्यला गा मास्तर? शाळेतल्या पोराईले?"

मला तेव्हा कुठे कळलं. वसतिगृहात पहिल्या वर्षी माझ्या "मले-तुले"ला सगळे हसले होते. तेव्हापासून मी बोलणं इतकं नीट घासून घेतलं होतं की घरीही तेच तोंडात येई. भाऊ त्यावरून चिडवायचा, पण बदल म्हणाला नव्हता. छकड्यावर बोलायचं काम त्याचंच होतं.

"चाल गा," मी म्हणालो. "चाल गा भाऊ."

दोघांचेही कान मागे वळले आणि ते सुटले. छकडा असा उडाला की मी सवयीने मागे रेललो, आणि मागे कोणी नव्हतं. धानाच्या खुंटांवर पाठीवर पडलो. बैल रिकामा छकडा घेऊन टोकापर्यंत गेले आणि भाऊ थांबवायचा त्याच जागी थांबले. सोबती हसला नाही. जवळ येऊन त्याने माझ्या पाठीवरची माती झाडली.

पुढचे पंधरा दिवस मी मागे न रेलता उभं राहायला शिकलो. दोघांचं वजन असताना छकडा दबून चालायचा. एकट्याखाली तो दर ढेकळावर उसळत होता. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगणारा असता तर ते कळण्याची वेळही आली नसती.

पटाच्या दिवशी माणसांची भिंत दोन्ही बाजूंना होती. वहिनी टोकाकडे, बायकांमध्ये. मी "चाल गा" म्हटलं ते भावासारखंच, मोठ्याने, शेवटचा स्वर ओढून. जोडी धावली. शेजारची जोडी आमच्या अर्धा छकडा पुढे निघाली, आणि आम्ही हरलो. पण टोकापर्यंत मी उभा होतो.

वहिनी डोक्यावरचा पदर धरून जवळ आली. तिने काळ्याच्या कपाळावर हात ठेवला. मी विचारलं, जोडी दिसली का नीट.

"पाह्यली नाई जी," ती म्हणाली. "तुमी बोलले तवा डोक्स खाली घातलं मी. फक्त आयकलं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण भावाचा तोच आवाज पुन्हा निघेल, की निघणार नाही, दोन्हींची भीती वाटली. मी वाकलो आणि बैलांच्या मानेवरचं जू काढू लागलो.